स्वस्त मशीन आणि मासेमारीचा एकच गेम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. चाळीतल्या माझ्या मित्राचं गेम पार्लर मी बुडवलं आणि दोष टीव्हीच्या दिशेवर ढकलला.

नोकरी सुटल्यावर त्याने लालबागच्या आमच्या चाळीत, तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत पार्लर काढायचं ठरवलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून मला तज्ज्ञ समजून विचारायला आला. निवडायला दोन कन्सोल होते. एक महाग, पण फुटबॉल, क्रिकेट, मारामारी, पोरांना हवं ते सगळं त्यावर. दुसरा निम्म्या किमतीत. मी जन्मात कन्सोलला हात लावला नव्हता. पण ‘मला माहीत नाही’ एवढं तोंडातून निघेना.

"स्वस्तवाला घे रे. मशीन महत्त्वाचं. गेम काय, येतील मागाहून."

मासळीबाजारात मी कल्ले उचलून बघितल्याशिवाय बांगडा घेत नाही. भाव पडलाय म्हणजे मासा शिळा, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. इथे मात्र निम्मी किंमत का, हे विचारलंसुद्धा नाही. त्या मशीनसाठी गेम बनवणं सगळ्यांनी केव्हाच सोडलं होतं. सोबत फुकट आलेला तेवढा एक उरला. मासेमारीचा.

पहिल्या दिवशी पोरं आली. "काका, फुटबॉल?"

"मासे आहेत," मित्र म्हणाला.

पोरं शिवडीच्या पार्लरला गेली ती गेलीच.

मग त्याची आई आणि चाळीतले निवृत्त गिरणी कामगार आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ लागले. त्यांच्याकडून पैसे कसले घेणार? ते खेळत नव्हते, बघत होते.

"ह्येच्यात बांगडो खंय रे?" आई विचारायची.

"आई, परदेशी मासे आहेत हे."

"मगे सोड तेका. कालवणाक कामाचो नाय."

आईच्या शब्दाबाहेर तो कधीच नव्हता. पकडलेला मासा खरंच पाण्यात सोडायचा, आणि गुण कापले जायचे. श्रावण लागला तसा आईने गेम महिनाभर बंद ठेवायला लावला. घरात मासे नकोत म्हणजे नकोत, टीव्हीतलेही.

"काय चुकलं रे माझं?" त्याने मला विचारलं. सांगायची वेळ तीच होती.

"टीव्हीचं तोंड दक्षिणेला आहे ना," मी म्हणालो.

त्याने टीव्ही पूर्वेला फिरवला. आता पडदा दाराआड गेला. म्हातारी मंडळी बाहेर चाळीच्या नळापाशी खुर्च्या टाकून, माना वाकड्या करून बघायची. दिवाळीआधी पार्लर बंद झालं.

आता तो कॉटन ग्रीनला एका गोदामावर पहारा करतो. भेटला की म्हणतो, "आपली दिशाच चुकली रे." मी ‘हं’ म्हणतो आणि चहा मागवतो.

दिशा ठीक होती. मला काहीच माहीत नव्हतं. एवढं त्याला तोंडावर सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.