माकडासारखं हसा

पेठेतल्या दुकानदाराने कथिलात शिसे मिसळून आमच्या कल्हईवाल्याला फसवले, आणि त्या कल्हईने माझी नात आजारी पडली.

हे उघडकीला आणले म्युनिसिपालिटीच्या नर्सबाईने. ती गल्लीत आली की पदर खोचून आमच्या ओट्यावर बसायची आणि म्हणायची, “माकड कसं हसतंय, दाखवा की.” आधी स्वतःच दात विचकायची. पोरे खिदळत, तेवढ्यात ती त्यांच्या हिरड्या बघून घेई.

नातीच्या हिरडीवर तिला निळसर रेघ दिसली. तिने आमच्या ताकाच्या पातेल्याच्या आतल्या काठावर, कल्हईवर, पांढरा रुमाल घासला. तो काळा झाला.

“पोट दुकतंय ते ह्या शिशानं,” ती म्हणाली.

मी कल्हईवाल्यासाठी काठी उचलली.

“काका, भांडण मागनं करा. आदी हे ताक वतून टाका आन् ताकाला मडकं आना.”

जन्मात कुणाचा पहिला भाव न मानलेला मी मुकाट्याने कुंभाराकडे गेलो.

नात आता पोट धरते ती हसण्यापुरतीच. कल्हईवाल्याच्या पोरांच्याही हिरड्यांवर तीच रेघ निघाली, तेव्हा पेठेतल्या कथिलाने तोही फसला हे कळले आणि मी काठी ठेवून दिली. दुकानदार मात्र अजून तेच कथील विकतो आहे. त्याने आमच्या ओट्यावर यावे आणि गल्लीतल्या सगळ्या आयांसमोर जाब द्यावा.