बिनसाखरेची पाच वर्षं

मला शुगर नाही. कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वर्ध्याच्या चर्चच्या मंडळीतल्या एकूण एक घरात मी पाच वर्षं फिका चहा प्यायले आहे, तोही तोंड वाकडं न करता. नाताळला सगळ्यांच्या बशीत करंज्या आणि माझ्या बशीत शेव. "बाईले शुगर आहे, बाईले नका देऊ वं!" असं कोणीतरी दुरून ओरडायचं आणि माझ्यासमोर आलेली करंजी परत जायची.

हे दुखणं मी स्वतःच्या जिभेनं ओढवून घेतलं.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा वाईनचं नावच नको. काळे मनुके भिजवायचे, कुस्करायचे, उकळायचे आणि फडक्यातून गाळायचे. हे काम आधी सासूबाईंकडे होतं, त्यांच्यामागे माझ्याकडे आलं. मी पस्तीस वर्षं शाळेत पोरं वळली, पण त्याचा मला कधी गर्व वाटला नाही. या रसाचा मात्र होता. देवाच्या कामाचा गर्व करू नये हे मला माहीत होतं, तरी होता.

एकदा महिला सभेच्या प्रभुभोजनाला माझी ननंद हिंगणघाटहून आली होती. ती रिटायर्ड नर्स, माझ्याच वयाची, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा अर्धा इंच पुढे. चाळीस बायांसमोर पेला खाली ठेवून ती म्हणाली, "वहिनी, रस पाणचट झाला बरं का."

पाणचट! सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला रस! मी म्हटलं, "ताई, मग त्याले सलाइन लावा. तुम्हाले येतेच ते."

बाया फिदीफिदी हसल्या. तिनं पर्स उचलली आणि जेवणाला न थांबता बसस्टँड गाठलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बोलणं बंद करायला काही लागत नाही. पंचाईत त्यानंतर होते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, दर प्रभुभोजनाआधी सांगतात की मनात कोणाविषयी अढी असेल तर आधी जाऊन समेट करा, मग मेजाजवळ या. पुढच्या महिन्यात पेल्यांचं ताट माझ्यासमोर आलं आणि माझा हातच उठेना. मी ताट पुढे सरकवलं. शेजारीण कुजबुजली, "काऊन वं, नाई घेत?"

आता प्रभूच्या घरात बसून काय सांगू तिला? "शुगर निघाली," मी म्हटलं.

झालं! उपासना संपायच्या आत बातमी मागच्या बाकापर्यंत गेली आणि संध्याकाळी पाळकीणबाई कारल्याचा रस घेऊन दारात हजर. मी तो प्यायले. खोटं बोलल्याची शिक्षा इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

तर पाच वर्षं मी रस करत होते आणि पीत नव्हते. चाखतही नव्हते, कारण जो पेला घ्यायची आपली लायकी नाही तो स्वयंपाकघरात चोरून काय चाखायचा? एक मात्र केलं. पाणचट हा शब्द डोक्यात बसला होता, म्हणून दर थोड्या महिन्यांनी मनुके वाढवत गेले. रस चांगला काकवीसारखा झाला असावा. माझा स्वभाव माहीत असल्यानं कोणी चकार शब्द काढला नाही. लहान पोरं तेवढी पेला चाटून पुसून ठेवायची.

मागच्या एप्रिलात ननंद बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आमचे हे तिला भेटून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "शनिवारी पाळकसाहेब तिच्या घरी जाऊन प्रभुभोजन देणार आहेत. मी त्यांच्या गाडीवर मागे बसतो. रस तू घेऊन येजो एसटीनं."

"मी काऊन?"

"ती म्हणाली, रस वहिनीच्याच हातचा पाहिजे. आणि वहिनीनंच आणला पाहिजे."

ही टोमणा मारून राह्यली की बोलावून राह्यली, मला कळेना. रात्रभर विचार केला आणि सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं की हा टोमणाच आहे. ठीक. आता असा रस नेते की पुन्हा तो शब्द तोंडातून निघायचा नाही! नेहमीच्या तिप्पट मनुके घेतले. उकळल्यानं वास उडतो असं माझं मीच ठरवलं, म्हणून न उकळता तीन दिवस बरणीत ठेवले. बाहेर ऊन असं की छतावर पापड भाजून निघावेत. शुक्रवारी गाळला. रंग काळाशार. चाखला नाही.

सरबताच्या एका काचेच्या बाटलीत भरला. बाटलीवर बाईचं आणि गुलाबाचं चित्र होतं. प्रभूच्या पेल्याला ते शोभेना, म्हणून मी लेबल घासून घासून काढलं. दारूबंदीच्या जिल्ह्यात, बिनलेबलच्या बाटलीत काळा रस घेऊन मी एसटीत चढले, आणि मला त्यात काहीएक वावगं वाटलं नाही. खांद्याला पर्स, मांडीवर शास्त्र, म्हणजे माझं बायबल, पायाशी पिशवी.

अर्ध्या वाटेत गाडी एका खड्ड्यातून गेली आणि पिशवीत फाट्‌कन आवाज झाला. झाकण उडालं. फेस पिशवीतून माझ्या चपलांवर आला आणि वास! माय वं, तो वास! पुढच्या चार बाकांनी माना वळवल्या.

शेजारी वांग्यांचं पोतं घेतलेले एक शेतकरी बाबा बसले होते. त्यांनी नाक वर करून नीट वास घेतला. "मोहाची नाई हे," ते म्हणाले. "हे काहीतरी उंची चीज दिसते."

"तो द्राक्षरस आहे!" मी शाळेच्या आवाजात म्हटलं.

"हाव ना बाई, मी काय म्हून राह्यलो?"

नेमकी पुढे पोलिसांची तपासणी लागली होती. गाडी थांबली. एक तरणी लेडी कॉन्स्टेबल वर चढली आणि तिला विचारायची गरजच पडली नाही, गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, काय आहे बाटलीत?"

"प्रभुभोजनाचा रस. मनुक्यांचा. दारू नाही."

"मग थोडा पिऊन दाखवा."

आता काय सांगू! साधी गोष्ट होती. तो नुसता मनुक्यांचा रस होता, त्यावर अजून प्रार्थनासुद्धा झाली नव्हती. दोन घोट घेतले असते की सुटले असते. पण पाच वर्षं जो पेला मी पुढे सरकवला, तो असा एसटीत, सुटका करून घ्यायला प्यायचा? माझा हात वर जाईना.

"मी नाही पीत," मी म्हटलं.

"काऊन नाई पीत? दारू आहे म्हणून?"

"नाही. मला शुग..." इथं मी थांबले. मांडीवर शास्त्र होतं, समोर पोलीस होती आणि साठ माणसं ऐकत होती. या शुगरचा मला एकदम वीट आला. "शुगर नाही मला," मी म्हणाले. "माझं ननंदेशी भांडण आहे."

आणि मी सगळं सांगितलं. पाणचट, सलाइन, फिका चहा, परवाचं ऑपरेशन. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून ऐकलं. बाबांची बायको मागच्या बाकावरून म्हणाली, "ननंद म्हटली का असंच राह्यते, बाई." लगेच एक दुसरी बाई उसळली, "मी बी कोणाची ननंद हाओ, तोंड सांभाळून बोला!" गाडीत दोन पक्ष पडले.

बाबांनी शांतपणे हात पुढे केला. "आना इकडे, मी पाह्यतो." बाटलीत उरलेल्यातला एक घोट त्यांनी जिभेवर फिरवला. "मनुकाच आहे. पण आंबला, मॅडम. चांगलाच आंबला."

कॉन्स्टेबलनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या शाळेतल्या कुठल्याही पोरीच्या वयाची होती ती. "काकू, आंबलेलं मी कसं नेऊ देऊ? आणि एका रसाच्या पायी पाच वर्षं?" तिनं आवाज खाली आणला. "ओतून द्या इथंच. अन् जा तुम्ही, ननंद वाट पाहून राह्यली असन."

मी खाली उतरले आणि कडुनिंबाच्या बुडाशी बाटली उपडी केली. तिप्पट मनुक्यांचा रस मातीत जिरताना मला रडू आलं. राग नव्हता तो. एवढ्या तोऱ्यात निघालेली मी आता तिच्या दारात रिकाम्या हातानं उभी राहणार होते, याची लाज होती.

हिंगणघाटला पोचले तर पाळकसाहेब शास्त्र उघडून बसलेले, आमचे हे घड्याळ पाहत. ननंद खाटेवर. पाच वर्षांत केस पांढरेफटक झालेले आणि एवढीशी झालेली. इतकी धिप्पाड बाई गेली कुठे? मला धसकाच बसला. सोमवारी हिला टेबलावर नेतील आणि ही उठली नाही तर काय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मनुकेच मोजत बसले होते.

"ताई, रस नाही," मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "आंबला. पोलिसांसमोर ओतला."

ती टक लावून पाहत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. "माय वं... वहिनी, दारू गाळली तुम्ही? माह्यासाठी? हसवू नका, हाड दुखते!" ती कण्हत होती आणि हसत होती. मी तिचा हात धरला.

"चुकलं माझं, ताई."

"चाळीस बायांसमोर बोलले, ते माझंही चुकलं," ती म्हणाली. "पाणचट होता, पण."

मी गिळून घेतलं.

मग ती हळूच म्हणाली, "पाच वर्षं मी पेला घेतला नाही. इकडे सगळ्यांना सांगितलं, अ‍ॅसिडिटी आहे. तेव्हापासून कोणाकडे जेवायला गेलं की माझ्यासाठी वेगळं बिनतिखटाचं मटण. पांढरं! सोमवारी उठले नाही तर तसंच वर जावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, वहिनीलाच बोलवा."

बिनतिखटाचं मटण, पाच वर्षं! मला वाटायचं मीच भोगून राह्यली. "मी शुगर सांगितली," मी म्हटलं. पाळकसाहेबांनी शास्त्र हळूच मिटलं आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आमचे हे छताकडे पाहत होते.

तिच्या डब्यात मूठभर मनुके निघाले. गरम पाण्यात भिजवले, कुस्करले, तिच्या धुतलेल्या ओढणीतून गाळले. रंग असा, जसं चहा पिऊन कप विसळावा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, आणि आम्ही दोघींनी पेला घेतला. पाच वर्षांनी. पाणचट होता, अगदी पाणचट. मला तो खाली ठेववेना.

ऑपरेशन नीट झालं. तिला मी आमच्याकडे वर्ध्याला आणली. आंघोळ, वेणी, औषधं सगळं मी करायची आणि ती खाटेवरून चुका काढायची. मंडळीतल्या बाया तिला भेटायला आल्या तेव्हा चहा ओतता ओतता मी माझ्या कपात तीन चमचे साखर घातली. सगळ्या ओरडल्या, "बाई, शुगर!"

"गेली," मी बेसावधपणे म्हणून गेले.

"गेली? प्रभूची स्तुती असो!" पाळकीणबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तोंड उघडायच्या आत दोघींनी प्रार्थना सुरू केली होती. त्यांचाच निरोप आला की रविवारी उपासनेत मी या चमत्काराची साक्ष द्यावी. पाळकसाहेबांनी हिंगणघाटचं घरी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

रविवारी चर्च भरलं होतं. ननंद वॉकर घेऊन पहिल्या बाकावर. मी पुढे जाऊन उभी राहिले. "शुगर मला कधीच नव्हती," मी म्हणाले. "मला ननंद होती."

मग पहिल्या बाकावरून ती खदाखदा हसली आणि तिच्यामागे सगळं चर्च हसलं. पाळकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना बहुतेक कारली आठवली असावीत.

त्यानंतर प्रभुभोजन झालं. रस माझाच होता, नीट उकळलेला, घट्ट, आणि या वेळी मी चाखूनही पाहिला होता. फर्स्टक्लास होता. ताट आलं तेव्हा तिचे दोन्ही हात वॉकरवर होते, म्हणून पेला मीच तिच्या ओठांना लावला. मग माझा घेतला. ती माझ्या कानाशी वाकली.

"वहिनी, फार घट्ट झाला बरं का. घशाखाली उतरत नाही."

माझं उत्तर तयार होतं, पण रस अजून तोंडातच होता. तेवढ्यात तिनं वॉकरवरचा एक हात सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. मी रस गिळला, त्याबरोबर उत्तरही. पुढच्या महिन्यापासून मी दोन पेले पाणी जास्त घालते.