पोटातच ऑपरेशन झालेली गौरी

डायलिसिसच्या दिवशी गौरी सकाळच्या बसनं लाखनीहून भंडाऱ्याला माझ्याकडे यायची. त्या दिवशीही मी तिच्यासाठी अळणी वरण शिजत घातलं होतं. फोन आला. धाकटी बहीण सुनंदा, गौरीची आई. “ताई, गौरी उठूनच नाही राहिली वं...”

सोळा वर्षांची होती. महिना उलटला, तरी हे वाक्य कानातून जात नाही.

गौरी आणि मीरा जुळ्या. पोटात दोघींना मिळून एकच वार होती आणि गौरीच्या वाट्याचं रक्त मीराकडे वाहत होतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सुनंदाच्या पोटातच लेझरनं त्या रक्तवाहिन्या बंद केल्या. दोघी जगल्या. बारशाला भंडाऱ्याच्या पलीकडच्या शहापूरहूनही माणसं बघायला आली होती. पण ऑपरेशनच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं... गौरीच्या किडन्या कमजोर राहिल्या, मीराचं हृदय. सुनंदानं एकही तपासणी चुकवली नाही. तरी आठवीत गौरीचा चेहरा सुजू लागला, आणि पुढे डायलिसिस मागे लागलं.

पोरगी तोंडाळ, हट्टी. पाणी बेतानं, आंबा तर बंदच. मग माझ्या घरी मीराला समोर बसवून ती आंबा खायला लावायची. “गोड हाय का? नीट सांग नं!”

सुनंदाला मधुमेह, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती; गौरीच्या बाबांची जुळली नाही. मीरा म्हणायची, “पोटात मी तिचं रक्त घेतलं. अठराची झाली का किडनी देईन.” डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, अठरानंतरही नाही, तिच्या हृदयाला ते झेपणार नाही. मीरा दवाखान्यातच रडायला लागली. गौरी तिच्यावर खेकसली, “काहून रडून राहिली? तुले मागतली कोनं?”

घरी आल्यावर मात्र माझ्या मांडीवर डोकं ठेवून हळूच म्हणाली, “मावशी, मले लय जगावं वाटते वं...” मी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

परवा लाखनीला गेले होते. मीराची हृदयाची तपासणी जवळ आली आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. स्वयंपाकघरातून सुनंदानं हाक दिली, “पोरी हो, जेवाले या!” इतकी वर्षं ती दोघींना अशीच बोलावत आली. हाक तोंडून गेली, आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मीरा उठली. “आलो वं, आई,” म्हणाली, आणि एकटीच आत गेली.