त्याच बैलांमागं दुसरा कोण

मैदानात बैलगाड्या सुटल्या की सगळ्यांच्या माना पहिल्या गाडीकडं वळतात. हिंदुराव तिकडं बघायचाच नाही. गुलाल उधळला, मालकाला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडायला लागली की हा शेजारच्याला विचारायचा, "ह्या बैलांमागं दुसरा कोन बसला हुता का कवा?" शेजारचा म्हणायचा, "दुसरा कशाला? ह्योच बसतोय." मग हिंदुराव तंबाखू मळत म्हणायचा, "मग बैलं चांगली हायती. मानसाचं मला ठावं न्हाई."

लोक त्याला तिरपा म्हणायचे. तिरपा होताच. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी सांगतो, कारण तो बसायचा त्याच बैलांमागं बसणारा दुसरा माणूस म्हणजे मी. शाळेत मी फार दिवस टिकलो नाही, लिहिण्याचा सराव नाही. तरी हे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही म्हणून मीच लिहितोय.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. हिंदुराव सांगलीकडचा. आबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्याला गाडीवान म्हणून आणला तेव्हा मला राग आला. मी असताना दुसरा कशाला? पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "हळदीच्या गावचा हायस, बैलांना हळद लावायला आलायस व्हय?" तो म्हणाला, "तुमच्या सातारकडची बैलं नवरदेवावानी चालत्यात, म्हनून आनलीया." आबा हसले. मी हसलो नाही.

आबांच्या घरची एक रीत होती. मैदानाच्या आधी नदीकडच्या माळावर एकच जोडी दोघांना द्यायची. आधी एकानं छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, हाणायची, बैलांनी दम खाल्ला की दुसऱ्यानं. आबा घड्याळ धरून निशाणापाशी उभे. ज्याची फेरी भारी, तो मैदानात बसणार. गावचा माणूस आधी, बाहेरचा मागनं, हेही ठरलेलं. त्यामुळं मी कायम पहिला, हिंदुराव कायम दुसरा. मैदानात जास्त वेळा मी बसलो. गुलाल जास्त माझ्या अंगावर पडला. हे मी फुशारकीनं सांगत नाही. झालं ते सांगतो.

हिंदुरावला ते कधीच पटलं नाही. "तुला ताजी बैलं मिळत्यात, मला दमल्याली," तो म्हणायचा.

मी म्हणायचो, "आन तुला अंग मोकळं झाल्याली मिळत्यात त्ये? माझ्या येळंला बैलाचं अंग बांधल्यालं असतंय. ताठ लाकूड हाकतो मी."

"मग उलटं बसू की एकदा. मी आदी, तू मागनं."

"आबांस्नी इचार."

आबांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "रीत म्हंजी रीत." विषय संपला. आमची वर्षं अशीच गेली. मग शर्यतीवर बंदी आली. बैल विकले गेले, आबा गेले, आणि हिंदुराव आमच्याच गावात राहून कारखान्याला उसाच्या गाड्या हाकायला लागला. वाटेत भेटला की रामराम नाही, कसा हायस नाही, एकच वाक्य: "उलटं बसायचं राह्यलंय, गड्या."

बंदी उठली तेव्हा माझे गुडघे गेले होते आणि त्याची कंबर. आता आबांचा नातू संग्राम बैल बाळगतो. गाडीवानाला ड्रायव्हर म्हणतात आणि मोबाईलवर त्याचे फोटो फिरतात. एकदा चहाच्या टपरीवर संग्रामनं हिंदुरावपुढं मोबाईल धरून परदेशातली मोटारींची शर्यत दाखवली. "नाना, बघा, ह्यो जगात एक नंबर ड्रायव्हर." हिंदुरावनं डोळे बारीक केले. "ह्या मालकाची दुसरी गाडी हाय का?"

"हाय की. प्रत्येकाच्या दोन असत्यात. सारख्याच."

"मग ती कितवी आली?"

"लय मागं."

हिंदुराव पहिल्यांदाच पडद्यातल्या त्या माणसाकडं नीट बघत म्हणाला, "मग मानूस हाय त्यो." नंतर माझ्याकडं वळला. "बघ. तितं उलटसुलट न्हाई. दोगं एकदमच सुटत्यात. आपलंच राह्यलं."

त्यानं संग्रामचा पिच्छाच पुरवला. "मरायच्या आदी एकदा दे." संग्राम म्हणायचा, "नाना, पडलासा तर लोक मला धरत्याल." शेवटी मैदानातून काढलेली एक जुनी जोडी द्यायला तो तयार झाला.

सकाळी माळावर गेलो. निशाणापाशी मी उभा, घड्याळ संग्रामच्या हातात, त्याचे मित्र मोबाईल धरून. हिंदुराव छकडीवर चढला तेव्हा दोघांनी त्याला उचलून ठेवलं. पण कासरा हातात आल्यावर त्याची पाठ सरळ झाली. बैल सुटले. धूळ उठली. मला वाटलं, चांगली फेरी आहे, मला जोर लावावा लागणार.

निम्म्यात त्यानं कासरा ओढला. बैल चालीवर आले, चालतच निशाणापर्यंत आले. पोरं हसली. एक जण म्हणाला, "म्हातारं भ्यालं."

मला संताप आला. "मुद्दाम थांबीवलंस. हरतोय म्हनून थांबीवलंस."

तो कसाबसा खाली उतरला आणि डाव्या बैलाचा मागचा पाय उचलून दाखवला. खूर चिरलं होतं. आत ओल दिसत होती. संग्राम म्हणाला, "आवं, सकाळी म्याच चालवत आनला. काय सुदिक जानवलं न्हाई."

"कासऱ्यात लागलं," हिंदुराव म्हणाला. "डावं वझं टाकत नव्हतं." मग कासरा माझ्यापुढं धरला. "तुझी पाळी. बसतूस?"

मी कासरा घेतला. बैल पाय उचलून उभा होता. मी कासरा संग्रामकडं दिला.

त्याच वर्षी थंडीत हिंदुराव अंथरुणाला लागला. भेटायला गेलो तर म्हणाला, "राह्यलंच की रं." मी म्हणालो, "बैल बरा झाला की बसू." तो बैल पुन्हा पळणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आठवड्याभरात तो गेला.

परवा संग्रामनं विचारलं, "तात्या, खरं सांगा, तुमा दोगांत भारी कोन हुता?" मी म्हणालो, "मी." आबांचं घड्याळ तेच सांगत होतं, आणि मी दुसरं काही मानत नाही.

पण त्या सकाळी तो बैल माझ्या डोळ्यासमोरून पळत होता आणि मला काही दिसलं नव्हतं. कासरा माझ्या हातात असता तर तो पाय मला लागला असता का, की मी निशाणापर्यंत तसाच हाणला असता? त्या दिवशी त्या बैलांमागं दुसरा कुणी बसलाच नाही. आणि मी किती पाण्यात होतो, हे विचारावं असा एकच माणूस होता.