सोनाबाईचे दोन हंडे

एका नळावर बारा बिऱ्हाडं असली की किस्से आपोआप साठतात. पाणी तेवढं साठत नाही. पिंपरीला आमच्या कंपनीची चाळ नवीकोरी होती तेव्हाचे हे किस्से, आणि बहुतेक शेजारच्या सोनाबाईचे. ती मला आवडायची म्हणून नव्हे. मी तिच्यावर जळायचे, आणि जळणाऱ्याला सगळं नीट आठवतं.

सोनाबाई बीडकडची. चार माणसांचं घर दोन हंड्यांत चालवायची. मी कोकणातली, परसात रहाट असलेल्या घरातली. आम्ही दोघंच, तरी मला सहा हंडे लागत. आमचे हे कंपनीत फिटर. एकदा जेवताना म्हणाले, "सोनाबाईचं बघ जरा."

"मग तिथंच जेवा," मी म्हटलं. गेले नाहीत.

*

मग मी चोरून शिकायचं ठरवलं. ती तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी भिजवायची. मी तिच्याही वरताण! भाताच्या पेजेत ह्यांचा कामावरचा शर्ट बुडवला आणि तसाच वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर हे म्हणाले, "आज अख्ख्या शॉपमध्ये मला एकट्यालाच मुंग्या चावल्या."

*

एकदा तिच्यासमोर मी ताटातला उरलेला भात टाकला.

"ताई, तुमचा भात चार महिनं पाण्यात हुभा असतो," ती म्हणाली. "आमची ज्वारी जमिनीतल्या नुसत्या वलीवर येती. भात टाकला म्हंजी पानीच टाकलं की."

भातखाचरांतल्या मुलीला हे ऐकवते! अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे दारात उभं राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी मागायला लागले. मला भाकरी थापता येत नव्हती. शिकवायला कोण आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

*

आमच्यात रात्रीचं पाणी शिळं धरतात. सकाळी ते ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. सासूबाई आल्या होत्या, म्हणून त्या दिवशी मी उठल्या उठल्या सगळे हंडे मोरीत रिकामे केले. आणि नळ आलाच नाही.

घरात घोटभर पाणी नाही, सासूबाईंना तहान लागलेली. मान खाली घालून सोनाबाईकडे गेले. तिनं कालचा भरला हंडा उचलून दिला. एवढंच म्हणाली, "ताई, हिरीतलं पानी रोज कोन बदलतं?"

सासूबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "गोड आहे गं. कुठल्या बाईनं दिलं?"

*

तिनंही एकदा माझ्यापुढं हात पसरावा, एवढीच माझी इच्छा उरली होती. आणि एका दुपारी ती खरंच दारात आली.

"ताई, एक मागू का? मला एकदा डोक्यावरनं अख्खी बादली वतून घ्यायचीय. आमच्या घरी हात धजत न्हाई."

मला कोण आनंद झाला! एक सोडून दोन बादल्या भरून दिल्या. वर साबणाची नवी वडी दिली. दार लावून ती न्हाणीत गेली, आणि आतून धबाधबा पाणी पडल्याचा आवाज आला. चाळीत आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शिफ्ट सुटून हे घरी आले. न्हाणीचं दार आतून उघडलं. सोनाबाई लुगडं नेसून, ओले केस बांधून बाहेर आली. माझं धुण्याचं मोठं घमेलं तिनं काठोकाठ भरून, दोन्ही हातांनी सांभाळत आणलं होतं.

"यातच हुभी ऱ्हायले ताई," ती म्हणाली. "तुमचं धुणं भिजंल."