जेवलेला वाघ

रुपजी भगत वाघासमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी शिळेभोवती एक फेरी मारली, सिमेंटच्या गोणीवर बसले आणि पाणी मागितलं. अर्धा तांब्या संपल्यावर म्हणाले, "हा भुका हाय."

मी तीस वर्षं देव घडवतो. डहाणूत मसोलीला माझी शेड आहे. गणपती, मारुती, देवी, एकदा एका चर्चसाठी मेरी. लोकांच्या तक्रारी मला पाठ आहेत. नाक मोठं झालं, सोंड वाकडी वाटते, मारुती आमच्या साडूसारखा दिसतो. पण देव उपाशी आहे, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

काम असं होतं. तलासरीकडच्या एका पाड्याच्या शिवेवर वाघदेव होता, सागाच्या फळीत कोरलेला. रानाकडून गुरांना आणि माणसांना सांभाळायचं, हे त्याचं काम. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाडा त्याची पूजा करतो; ती सांगणारे भगत म्हणजे रुपजी. ती फळी वाळवीने पोखरली, म्हणून एका सरकारी ऑफिसने दगडी वाघदेव मंजूर केला. वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं होतं : 'वाघाचे उठावशिल्प, मुद्रा रौद्र.' उठावशिल्प म्हणजे सपाट शिळेवर आकृती तेवढी पुढे आणायची, आजूबाजूचा दगड खोल काढायचा. सोबत नामफलकाचीही ऑर्डर होती. फलक वाघापेक्षा अर्धा फूट जास्त रुंद होता, कारण वाघ एक होता आणि मान्यवर अकरा.

नमुना म्हणून जुनी फळी माझ्याकडे दिली होती. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ. वाघाचं पोट सुटलेलं, तोंड मिटलेलं, डोळे अर्धवट. ज्याने कोरलं त्याला प्राण्यांची शरीररचना ठाऊक नसावी, असं मी ठरवून टाकलं. मी आर्ट स्कूलला शिकलेलो. सूर्य-चंद्र तसेच ठेवले आणि वाघ दुरुस्त केला. पोट आत घेतलं, बरगड्या दाखवल्या, जबडा उघडला, चारी सुळे एकेक करून सोडवले. माझ्या हातून इतका चांगला प्राणी पूर्वी झाला नव्हता. त्या ऑफिसच्या साहेबांना फोटो पाठवला, त्यांनी तो वरपर्यंत फॉरवर्ड केला. वरून तीन अंगठे आले.

आणि आता रुपजी म्हणत होते, हा भुका हाय.

त्यांच्याबरोबर देवलीबाई आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पाड्याची गुरं अजून स्वतः रानात नेतात. त्यांनी मला समजावलं. वाघबारशीला देवाला जेवू घालतात आणि सांगतात, तू जेवलास, आता आमच्या गुरांकडे बघू नको. जेवलेला देव ऐकतो. "ह्याच्यासमोर मी गाय कशी नेऊ?" त्यांनी विचारलं. सुळे माझेच होते.

वाघबारशीला दहा दिवस राहिले होते. मातीकामात चूक झाली तर माती चढवता येते. दगडात फक्त काढता येतं. उघडं तोंड मिटवायला दगड आणायचा कुठून? इपॉक्सीची लुगदी भरली असती, पण तेल-शेंदराखाली ती फार टिकली नसती. नवी शिळा खाणीतून यायला पंधरा दिवस. म्हणजे वाघबारशीला शीव मोकळी.

मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. शिळा नऊ इंच जाड होती. मागच्या बाजूने जेवलेला वाघ कोरतो, म्हटलं. तो पाड्याकडे तोंड करून उभा राहील, भुकेला रानाकडे. दोन्ही पक्ष सांभाळले जातील.

रुपजींनी देवलीबाईंकडे पाहिलं. देवलीबाई म्हणाल्या, "त्या अंगाला पन कोनाची तरी गुरं हायेत."

त्या सहज बोलल्या. माझी युक्ती तिथेच संपली.

एकच मार्ग उरला. पुढचा सगळा थर, म्हणजे जवळजवळ तीन इंच, सोलून काढायचा आणि उरलेल्या सहा इंचांत पुन्हा सुरुवात करायची. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ऑर्डरमध्ये रौद्र लिहिलंय. जेवलेला वाघ मी कुठल्या हेडखाली दाखवू? इन्स्पेक्शनमध्ये काम नापास झालं तर दगड तुमच्या गळ्यात पडेल." बोलणं रीतसर होतं, आवाज काळजीचा होता.

रुपजी आणि देवलीबाई आशागडची रिक्षा पकडायला निघाले. ते गेटबाहेर जाईपर्यंत मी थांबलो. मग ग्राइंडर लावला. सुळ्यांना सहा दिवस लागले होते. ते जायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

आता प्रश्न असा, की जेवलेला वाघ दिसतो कसा? पुस्तकांतले सगळे वाघ झेप घेत होते. शेवटी शेजारच्या कोळणीने टाकलेलं बोंबलाचं डोकं खाऊन आमच्या शेडमधली मांजर गोणीवर येऊन बसली. तिचे डोळे मिटत आले, पंजे आत गेले, पोट दोन्ही बाजूंना पसरलं. मी कागदावर भराभर उतरवून घेतलं. चित्र पूर्ण झालं तेव्हा कोपऱ्यातली जुनी फळी दिसली. तेच पोट, तेच डोळे. ज्याला शरीररचना येत नव्हती, तो मी होतो.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी शिळा टेम्पोने शिवेवर गेली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. देवाला जेवण दाखवून झालं, शेंदूर लागला आणि त्याच वेळी साहेब फाइल घेऊन पोचले. वाघाकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "हा रौद्र कुठून वाटतो?"

मी काही बोलायच्या आत रुपजींनी उत्तर दिलं. "आता जेवला हाय. भुका लागंल तवा व्हईल रौद्र."

साहेबांनी पेन काढलं, थोडा विचार केला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं : 'मुद्रा रौद्र, सध्या शांत.' खाली सही केली. सरकारी कागदावर इतकं अचूक शिल्पवर्णन मी दुसरं वाचलेलं नाही.

तेवढ्यात देवलीबाईंची गुरं रानाकडे निघाली. पुढच्या तांबड्या गाईने नामफलक ओलांडला, वाघापाशी थांबली आणि त्याच्या खांद्यावर निवांत मान घासली. मानेला शेंदूर लागला. देवलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि गाईला पुढे हाकलं.

हल्ली कुठलंही काम आलं की मी माप घ्यायच्या आधी विचारतो, देव जेवलाय का? डहाणूतले लोक हसतात. पाड्यावरचे नीट उत्तर देतात.