चौरस वारात किती फूट

सासरे आमच्याकडे जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला उन्हाळ्याचे तीन महिने राहायला आले, तेव्हा पहिला चहा घ्यायच्या आधी त्यांनी पावलांनी आमचं घर मोजलं. नवरा म्हणाला, "बाबा, मीटफरट्रागमध्ये, भाड्याच्या करारात, लिहिलंय की सगळं. साठ क्वाड्राटमीटर." सासऱ्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास. अर्ध्या गुंठ्याच्या जरा वर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नीटनेटकं आहे हो, सूनबाई." मला ते टोमण्यासारखं लागलं. तेव्हा मला सगळंच लागायचं.

सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. सासऱ्यांची सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेलेली. आमच्या दोन खोल्यांपैकी एक त्यांना दिली आणि माझं टेबल, माझी जर्मनची पुस्तकं स्वयंपाकघरात आली. नवरा सकाळी गाड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत जायचा तो संध्याकाळी परतायचा. मी क्लासहून दुपारी यायचे. मग ऊन उतरलं की सासरे आणि मी वस्तीमागच्या शेतांकडे फिरायला निघायचो.

ते दिवस आठवले की मला आधी तो उजेड आठवतो. संध्याकाळ संपायचंच नाव घ्यायची नाही. जवाचं पीक पिवळं पडत चाललेलं, वारा आला की सगळं शेत एका अंगावर कलायचं आणि पुन्हा उभं राहायचं. दूर एस-बानची लोकल जायची, तिचा आवाज उशिरा पोहोचायचा. सासरे बांधावरून चालताना पुटपुटायचे. सुरुवातीला मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. ते माप होतं. "एकशे चव्वेचाळीस चौरस इंच, एक चौरस फूट. नऊ चौरस फूट, एक चौरस वार. चार हजार आठशे चाळीस चौरस वार, एक एकर." पुन्हा पहिल्यापासून. त्या चालीत मलाही गुंगी यायची. आपण कुठल्या देशात चालतोय हेच विसरायला व्हायचं.

"हे रोज कशाला म्हणता, बाबा?" मी एकदा विचारलं.

"मोजणीदार आहे मी. एक चूक सगळे करतात बघ. वार तीन फुटांचा, म्हणून चौरस वारातही तीनच फूट धरतात. तिथे नऊ लागतात. अशा चुकीपायी मी नव्या पोरांना दिवसभर उन्हात उभं केलंय." हे सांगताना ते खूश दिसले.

जायला आठवडा उरला असताना, त्याच बांधावर, ते म्हणाले, "तीन चौरस फूट, एक चौरस वार." मी थांबले. ते पुढे चालत राहिले. मग बोटांवर मोजत मोजत म्हणाले, "म्हणजे एकर चौदा हजार पाचशे वीस." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच. त्याच आठवड्यात त्यांनी मला दोनदा सासूबाईंच्या नावानं हाक मारली होती.

नवऱ्यालाही काही तरी खटकत असावं. रविवारी जेवताना त्याने अचानक विचारलं, "बाबा, एका एकरात किती स्क्वेअर फूट हो?"

"त्रेचाळीस हजार पाचशे साठ," सासरे म्हणाले. घासही थांबला नाही.

"गेनाऊ! बरोब्बर!" नवऱ्याचा चेहरा उजळला. "मी उगाच टेन्शन घेत होतो. नाही तर डॉक्टरला दाखवलं असतं, व्हिसा एक्स्टेंड करायला आउसलेंडरआम्टला गेलो असतो. तिकडे तुम्हाला एकटं कसं राहू द्यायचं?"

तो डुलकी काढायला गेल्यावर सासरे स्वयंपाकघरात आले. मी ताटं विसळत होते. ते माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

"ते पाठ आहे गं," ते हळूच म्हणाले. "एकर म्हटलं की तो आकडा तोंडात येतो. पायरी पायरीनं चढायला गेलो की मधली पायरी सापडत नाही. तुझ्या लक्षात आलंय, मला माहीत आहे." मग म्हणाले, "मला माझ्या घरी जायचंय. पण त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव."

मी सांगितलं नाही. त्यांचा मान राखला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण खरं तर त्या क्षणी मला त्यांच्या पाठीमागे माझं टेबल दिसत होतं, आणि ते परत खोलीत कुठे लावायचं हे माझं ठरूनही झालं होतं. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला रडू आलं. नवऱ्याला वाटलं, मायेनं.

दिवाळीनंतर गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला. सासरे सकाळी दूध आणायला बाहेर पडले होते आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं घर विचारत होते. नवऱ्याने फोन ठेवला.

"इथे तर चांगले होते ना गं?" तो म्हणाला. "तू दिवसभर असायचीस त्यांच्याबरोबर. तुला काही जाणवलं होतं?"

मी म्हणाले, "नाही."